मुंबईत रात्रीच्या गाडीपर्यंत वेळ आहे? हँगिंग गार्डनची संध्याकाळ कशी साधायची

बेळगाव, खानापूर, निपाणीकडचा माणूस मुंबईला सहसा फिरायला म्हणून जात नाही. टाटा हॉस्पिटलची तारीख असते, परदेशी निघालेल्या भाच्याला विमानतळावर सोडायचं असतं, नाहीतर लालबागच्या मावशीकडे बारसं असतं. काम दुपारी आटोपतं आणि परतीची गाडी रात्रीची असते. मधला सगळा वेळ दादरच्या फलाटावर पिशव्यांवर बसून काढणारी आपल्याकडची मंडळी नेहमी दिसतात. हा लेख त्यांच्यासाठी. तेवढ्या वेळात मलबार हिलवरची हँगिंग गार्डन, तिच्यासमोरचं कमला नेहरू पार्क आणि खालची गिरगाव चौपाटी निवांत पाहून होतात, खर्चही किरकोळ येतो. फक्त क्रम नीट लावायला हवा, कारण बहुतेक लोक तोच उलटा लावतात आणि "काही विशेष नाही हो, झाडंच झाडं" म्हणत परत येतात.

उलटा म्हणजे काय, ते आधी सांगतो. फोटोंमध्ये दिसणारा मरीन ड्राइव्हचा तो वळणदार किनारा हँगिंग गार्डनमधून दिसत नाही. तो दिसतो रस्ता ओलांडून पलीकडच्या कमला नेहरू पार्कच्या कठड्यावरून. हँगिंग गार्डन मावळतीच्या अंगाला आहे, तिथे जायचं ते सूर्यास्तासाठी आणि सावलीसाठी. कमला नेहरू पार्कमधून तुम्ही पूर्वेकडे आणि आग्नेयेकडे पाहता, म्हणून सकाळी तिथे ऊन डोळ्यांवर येतं आणि समोरच्या इमारती काळपट दिसतात. दुपारी चारनंतर सूर्य तुमच्या पाठीशी जातो आणि तोच किनारा उजळतो. त्यामुळे सकाळी वेळ असला तरी, मोकळीक असेल तर, मी संध्याकाळच धरायला सांगेन.

आणखी एक. वरून दिसणारं पाणी म्हणजे बॅक बे, मुंबईचं बंदर नव्हे. बंदर शहराच्या दुसऱ्या बाजूला, पूर्वेला आहे: ससून डॉक, बॅलार्ड पिअर, इंदिरा डॉक सगळे तिकडे. मुलांना "जहाजं दाखवतो" असं कबूल केलं असेल तर गेटवे ऑफ इंडियाला जा. टेकडीवरून दिसते ती शहराची ठेवण. डावीकडे चौपाटीची वाळू, तिथून सुरू होऊन नरिमन पॉइंटपर्यंत गेलेला रस्ता, आणि त्यापुढे कुलाब्याची निमुळती पट्टी. नकाशात पाहिलेली दक्षिण मुंबई एका नजरेत कळते.

बेळगावहून निघताना

रेल्वे सोयीची. चालुक्य, शरावती आणि हुबळी–दादर या तिन्ही गाड्या बेळगाव, मिरज, पुणे करत दादरला पोचतात. चालुक्य आणि शरावती रोज नसतात, आणि मिरज मार्गावरच्या कामांमुळे वेळापत्रक अधूनमधून बदलतं, तेव्हा तिकीट काढतानाच वार आणि वेळ पाहून घ्या. खासगी स्लीपर गाड्या निपाणी, कोल्हापूर, सातारा, पुणे करत पहाटे मुंबईत शिरतात. त्यात सायन किंवा दादरचा थांबा मागून घ्या.

सरकारी बसबद्दल घरातल्या बायकांना आधीच सांगून ठेवा. कर्नाटकची शक्ती योजना राज्यातल्या प्रवासासाठी आहे, मुंबईच्या गाडीला ते मोफत तिकीट चालत नाही. एसटीतली महिलांची अर्ध्या तिकिटाची सवलतही महाराष्ट्राच्या हद्दीपुरतीच. आणि सीमेवर वातावरण तापलं की पहिल्यांदा दोन्हीकडच्या बसगाड्या थांबतात, हे आपल्याला नवीन नाही. एक नोव्हेंबरच्या, म्हणजे कर्नाटकच्या स्थापनादिनाच्या, आगेमागे किंवा अशा कुठल्याही दिवसांत जाणं टाळता येत नसेल तर रेल्वेचं तिकीट हातात असलेलं बरं.

कपड्यांचं सांगायला हवं. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटर उंच आहे, मुंबई समुद्राला लागून. पहाटे घरून निघताना अंगात असलेलं स्वेटर दादरला उतरल्यावर डोक्याला ताप होतं. सुती कपडे, पाण्याची बाटली, आणि चढउतारावर न घसरणाऱ्या चपला.

सामान कुठे ठेवायचं

टेकडीवर बॅग घेऊन जाऊ नका. मोठ्या स्थानकांवर क्लोक रूम असते, पण तिथे बॅगेला कुलूप लागतं आणि प्रवासाचं तिकीट दाखवावं लागतं. दोरीने बांधलेली पिशवी घेत नाहीत. नातेवाइकांसाठी नेलेला कुंदा आधी त्यांच्याकडे पोचता करा. उन्हात दिवसभर फिरवलेल्या कुंद्याची तक्रार घरच्यांकडून वर्षभर ऐकावी लागते.

दादरहून टेकडीपर्यंत

दादरच्या पश्चिम रेल्वेच्या फलाटावर या आणि चर्चगेटकडे जाणारी धीमी लोकल पकडा. ग्रँट रोडला उतरायचं. जलद लोकल ग्रँट रोडला थांबत नाही, म्हणून पाटीवरची 'धीमी' ही खूण बघूनच चढा. दुपारी तीनच्या सुमाराला चर्चगेटकडे जाणाऱ्या गाड्यांत बसायला जागा मिळते. गर्दीची धास्ती असेल तर मेट्रो तीन ही भुयारी मेट्रो आहे. तिलाही दादर आणि ग्रँट रोड ही स्थानकं आहेत, भाडं लोकलपेक्षा जास्त आणि हवा थंडगार.

ग्रँट रोडला पश्चिमेला बाहेर पडलात की रिक्षा शोधत बसू नका. माहीम आणि सायनच्या दक्षिणेला मुंबईत रिक्षाला परवानगीच नाही. नवखा माणूस इथे हमखास दहा मिनिटं घालवतो. काळी-पिवळी टॅक्सी घ्या आणि "कमला नेहरू पार्क" सांगा. "हँगिंग गार्डन" म्हटलं तरी कळतं, गाडी दोन्हींच्या मधेच थांबते. अंतर दोन-अडीच किलोमीटर आहे. फेब्रुवारी २०२५ पासून टॅक्सीचं किमान भाडं ३१ रुपये झालं, त्या हिशेबाने मीटरवर शंभराच्या आत काम होतं. चौघं असाल तर बसपेक्षा फार महाग पडत नाही. मीटर टाकायला नकार देणारा भेटला तर वाद घालू नका, मागचा घ्या. बेस्टची बसही वरपर्यंत जाते, पण मार्गांचे क्रमांक बदलत असतात. बसच्या पाटीवर 'कमला नेहरू पार्क' वाचा, नाहीतर कंडक्टरला विचारा.

टेकडी चढून जाण्याचा उत्साह कुणाला आला तर त्याला आवरा. नियम सोपा ठेवा: वर गाडीने, खाली पायी.

आधी झाडांमधली लाकडी वाट

कमला नेहरू पार्कच्या मागच्या उतारावर, सिरी रोडच्या बाजूला, २०२५च्या गुढीपाडव्याला एक उंचावरची पायवाट खुली झाली. ४८५ मीटर लांब, झाडांच्या मधून खांबांवर उभी केलेली लाकडी वाट आहे, आणि शेवटी समुद्राकडे तोंड करून एक सज्जा. भारतीयांना तिकीट २५ रुपये. मात्र इथे दारात पैसे देऊन सहसा शिरता येत नाही. महापालिकेकडून ऑनलाइन वेळ आरक्षित करावी लागते आणि दारात मोबाइलवरचा क्यूआर कोड दाखवावा लागतो. शनिवार-रविवारच्या वेळा लवकर भरतात. बेळगावहून निघायच्या आधी, गाडीच्या तिकिटाबरोबरच हेही उरकून टाका, साडेतीन-चारची वेळ धरून. ज्यांना मोबाइलवरची ही खटपट नको त्यांनी ही वाट सोडून दिली तरी बिघडत नाही. झाडी आणि पक्षी खानापूरच्या माणसाला नवे नाहीत. पण मुंबईच्या पोटात एवढं दाट रान शिल्लक आहे हे बघायला मजा वाटते, आणि गुडघे दुखणाऱ्या माणसालाही सपाट वाटेने झाडाच्या शेंड्याजवळून चालता येतं.

मग कमला नेहरू पार्क

साडेचारच्या सुमाराला पार्कात या. हे आणि समोरचं, दोन्ही बागांना प्रवेश मोफत आहे आणि त्या पहाटेपासून रात्री नऊपर्यंत उघड्या असतात. दारातून आत आलात की मुलं म्हातारीच्या बुटाकडेच पळतात, त्यांना पळू द्या. १९५२ साली बाग झाली तेव्हापासूनचा हा बूट. सोली आर्सेईवाला यांनी इंग्रजी बालगीतातल्या बुटात राहणाऱ्या म्हातारीवरून तो रचला. कोल्हापूरकडच्या शाळांच्या सहली मुंबईला गेल्या की बुटापुढे रांगेत उभं राहून फोटो काढायची पद्धत होती, तसे फोटो सीमाभागातल्या पुष्कळ घरांच्या अल्बममध्ये सापडतील. मोठ्यांना बुटात शिरू देत नाहीत. वाईट वाटून घेऊ नका, आत जिना आहे आणि किलबिलाट.

तुमचं काम पूर्वेच्या कठड्याशी. तिथे निदान वीस मिनिटं उभे राहा. आधी चौपाटी ओळखा, मग मरीन ड्राइव्हचा बाक डोळ्यांनी दक्षिणेकडे नेत जा. त्या रस्त्यालगतच्या गोलाकार कोपऱ्यांच्या जुन्या पाच-सहा मजली इमारतींची ओळ आर्ट डेको शैलीची आहे. २०१८ साली युनेस्कोने ती आणि फोर्ट भागातल्या गॉथिक इमारती मिळून जागतिक वारशाच्या यादीत घातल्या. रस्त्याखालची बरीचशी जमीन समुद्रात भर घालून केलेली आहे. मुलांना आणखी एक सांगा: तुम्ही उभे आहात त्या टेकडीच्या पोटातून आज गाड्या धावतात. २०२४ मध्ये सुरू झालेल्या कोस्टल रोडचे दोन किलोमीटरचे जुळे बोगदे मरीन ड्राइव्हच्या टोकापासून मलबार हिलखालून पलीकडे प्रियदर्शिनी पार्कला निघतात.

हिवाळ्यात धुरकं असतं आणि नरिमन पॉइंट पुसट दिसतो. सर्वांत स्वच्छ देखावा पाऊस ओसरताना, सप्टेंबरच्या शेवटी किंवा ऑक्टोबरात, एखादी सर पडून गेल्यावर मिळतो. भर पावसाळ्यात मात्र छत्री उलटी होईल एवढाच अनुभव पदरी पडेल.

हँगिंग गार्डन: पायाखाली पाणी आहे

साडेपाच वाजता रस्ता ओलांडा. पाटीवर नाव दिसेल फिरोजशहा मेहता उद्यान, कारण हँगिंग गार्डन हे लोकांनी दिलेलं नाव. आत गेल्यावर पहिला प्रश्न प्रत्येकजण विचारतो, टांगलेलं काय आहे इथे? टांगलेलं काही नाही. ही सबंध बाग एका पाण्याच्या टाकीच्या छपरावर वसवलेली आहे.

बेळगावकरांना समजायला सोपं आहे. राकसकोपचं पाणी लक्ष्मी टेकवर येतं, शुद्ध होतं आणि तिथून उताराने गावात उतरतं, तशीच ही मलबार हिलची टाकी. तानसा, वैतरणा, भातसा अशा ठाणे-नाशिकच्या डोंगरांतल्या धरणांचं पाणी मुंबईत येतं आणि त्यातलं दक्षिण मुंबईच्या वाट्याचं या उंचीवर साठवून खाली सोडतात. फोर्ट, कुलाबा, गिरगाव या भागांत नळ उघडला की येणारं पाणी बहुतेक इथलंच. टाकीची क्षमता १४.७ कोटी लिटर. १८८०च्या दशकातलं हे बांधकाम आजही रोज कामात आहे. म्हणून बागेत मोठाली झाडं कडेकडेला आणि मधे हिरवळ, फुलांचे वाफे, प्राण्यांच्या आकारात कातरलेली झुडपं असा थाट दिसतो. टाकीवरच्या मातीच्या थरात वडापिंपळाने मुळं सोडलेली कुणाला परवडणार?

टाकी झाकण्यामागे एक गोष्ट सांगतात. बागेच्या शेजारीच डुंगरवाडी आहे, पारशांची अंत्यसंस्काराची जागा, जिथे दोखमा म्हणतात त्या उघड्या मनोऱ्यात मृतदेह गिधाडांच्या स्वाधीन करत. गिधाडांमुळे पिण्याचं पाणी दूषित होऊ नये म्हणून टाकीवर बाग केली, अशी ती गोष्ट. खरी-खोटी कशीही असो, गिधाडांचं पुढे काय झालं ते मात्र पक्कं ठाऊक आहे. गुराढोरांना देत असलेल्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामकामुळे, मेलेली जनावरं खाऊन देशभरातली गिधाडं १९९०च्या दशकापासून झपाट्याने मेली. २००६ मध्ये जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली, तोवर मुंबईच्या आकाशातून ती नाहीशी झाली होती. डुंगरवाडीत पारशांखेरीज कुणाला दोखम्यांकडे जाऊ देत नाहीत. फाटकाशी उभं राहून डोकावू नका, फोटो तर अजिबात काढू नका.

ज्यांचं नाव बागेला आहे ते सर फिरोजशहा मेहता (१८४५–१९१५) वकील, मुंबई महापालिकेचे अध्यक्ष आणि १८९०च्या काँग्रेसचेही अध्यक्ष. मुंबईचा पालिका कायदा घडवण्यात त्यांचा मोठा हात होता, त्यामुळे पालिकेच्या पाण्याच्या टाकीवरच्या बागेला त्यांचं नाव शोभतं. त्यांना नावापुरतं न सोडता लक्षात ठेवा, खाली चौपाटीवर त्यांच्या विरोधकाची गाठ पडायची आहे.

ही बाग आपण अजून पाहू शकतो हेही गृहीत धरण्यासारखं नाही. २०२३ साली टाकी नव्याने बांधायचा बेत पुढे आला होता. शेकडो झाडं तोडावी लागणार होती आणि बाग काही वर्षं बंद राहणार होती. रहिवाशांनी जोरदार विरोध केला, तज्ज्ञांनी टाकीत उतरून पाहणी केली आणि तो बेत मागे पडला. वरच्या हिरवळीवर बसून डबा सोडताना कागद आणि प्लास्टिक तिथे टाकू नये, एवढं पायाखालच्या पाण्यासाठी तरी आपण करू शकतो.

पश्चिमेच्या कडेला बाक आहेत. थंडीत सहा-सव्वासहाला, उन्हाळ्यात सातच्या आसपास सूर्य अरबी समुद्रात उतरतो. बाक आधीच भरलेले असतात, अर्धा तास अगोदर जागा धरा. सूर्य बुडाला की बहुतेक लोक उठून टॅक्सीकडे धावतात. तुम्ही परत रस्ता ओलांडून कठड्याशी या. मरीन ड्राइव्हचे दिवे एकेक करून लागत जातात, त्या माळेला राणीचा हार म्हणतात तो त्या पंधरा मिनिटांसाठीच.

खाली उतरताना

उजेड असेपर्यंत निघालात तर सिरी रोडने पायी वाळकेश्वर रोडला उतरा, तिथून चौपाटी जवळ. अंधार पडल्यावर, विशेषतः म्हातारी माणसं किंवा लहान मुलं बरोबर असताना, टॅक्सीच घ्या.

चौपाटीवर भेळेच्या गाड्यांपाशी जायच्या आधी लोकमान्य टिळकांच्या पुतळ्यापाशी थांबा. १ ऑगस्ट १९२० रोजी टिळक मुंबईत वारले आणि इथेच त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. वर टेकडीवर मवाळांचे पुढारी मेहता, खाली वाळूवर जहालांचे टिळक. १९०७ साली सुरतेला काँग्रेस फुटली तेव्हा हे दोघे समोरासमोर होते. आणि आपल्या गावाचा धागा यात आहेच: एप्रिल १९१६ मध्ये टिळकांनी होमरूल लीगची स्थापना केली ती बेळगावात. शाळेत सनावळीत वाचलेलं असतं, पण इथे उभं राहून मुलांना सांगितलं तर डोक्यात बसतं.

भेळ, कुल्फी खायला हरकत नाही. पोटभर जेवायचं असेल तर पुतळ्याकडून आत गिरगावात वळा, साधं मराठी जेवण आणि मिसळ मिळते.

आता सगळ्यांत अवघड टप्पा

संध्याकाळी सहा ते नऊ या वेळात ग्रँट रोड किंवा चर्नी रोडवरून दादरकडे जाणारी लोकल म्हणजे काय, हे न पाहिलेल्याला सांगून पटत नाही. चढता आलं तर दादरला उतरता येईलच असं नाही. दोन उपाय आहेत. एक, भुयारी मेट्रोने दादर गाठा. दुसरा, चर्नी रोडवरून उलट दिशेची, चर्चगेटकडची लोकल पकडून चर्चगेटला जा आणि तिथून सुटणाऱ्या धीम्या गाडीत बसून या. त्या उलट प्रवासाचंही तिकीट मात्र काढा. दोन्ही प्रकारांत क्लोक रूममधून सामान घेण्याची रांग धरून गाडीच्या वेळेआधी दोन तास चौपाटी सोडा. टॅक्सीने दादरला जाण्याचा विचार संध्याकाळी करू नका, पेडर रोडची कोंडी तुमच्या चालुक्यची वाट पाहत नाही.

ज्यांच्याकडे सकाळच आहे

पहाटे उतरलात आणि काम दुपारी असेल तर देखाव्याची अपेक्षा कमी ठेवून साडेसहालाच वर जा. बागेत चालायला येणाऱ्यांची लगबग असते, हवा सोसवते. मग टॅक्सीने बाणगंगेला उतरा. शिलाहारांच्या दरबारातल्या लक्ष्मण प्रभूंनी ११२७ मध्ये हे तळं बांधलं, पोर्तुगीजांच्या काळात मोडतोड झाली आणि १७१५ साली रामा कामती यांनी तळं आणि वाळकेश्वराचं देऊळ पुन्हा उभं केलं. समुद्र हाकेच्या अंतरावर असून तळ्याचं पाणी गोडं. काठावर कवळे मठ आहे, आपल्याकडच्या सारस्वत मंडळींना तो वेगळा सांगायला नको.

जैन बांधवांनी रिज रोडवरचं आदीश्वरजींचं संगमरवरी देरासर चुकवू नये. कपडे अंगभर हवेत, चामड्याचं काही आत नेऊ नका. या रिज रोडचं आजचं नाव बाळ गंगाधर खेर मार्ग. बेळगाव जिल्हा १९५६ पर्यंत ज्या मुंबई राज्यात होता, त्याचे हे पहिले मुख्यमंत्री. सीमाप्रश्नाच्या बैठकींच्या बातम्यांत ऐकलेलं सह्याद्री अतिथीगृहही याच टेकडीवर आहे. बाहेर पोलिसांचा पहारा असतो, तिथे टॅक्सी थांबवू नका, फोटोसाठी तर नकोच.